नऊ जुड्या गुळवेल

मंगळवार, ३ सप्टेंबर २०२४. नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या त्या दिवशीच्या केसपेपरवर छाया, वय एकतीस, या रुग्णाच्या रक्तातील बिलिरुबिन ११.२ असल्याची नोंद आहे. निरोगी प्रौढ माणसात हा आकडा साधारणतः एक-सव्वाच्या आत असतो. त्याच कागदावर डॉक्टरांच्या हातची आणखी एक ओळ आहे : ‘१८ ऑगस्टपासून गुळवेलीचा काढा, रोज एक वेळ, ताप आल्यावर दोन वेळा.’ या दोन नोंदी एकीखाली एक आहेत. एकीमुळे दुसरी घडली, असे कागदावर कुठेही म्हटलेले नाही. छायाच्या सासूबाई मालनबाई यांनी मात्र त्या एकीमुळे दुसरी अशाच ऐकल्या, आणि पुढचे सहा आठवडे त्या ऐकण्याच्या धाकात काढले. ते सहा आठवडे हा या टिपणाचा विषय आहे. त्यातला बराचसा भाग मालनबाईंच्या सांगण्यावर उभा आहे. जिथे दुसऱ्या कुणाचा दुजोरा मिळाला, किंवा मिळाला नाही, तिथे तसे नमूद केले आहे.

मालनबाईंचे वय साठीच्या आसपास. आधारकार्डावर जन्मतारीख एक जून आहे, म्हणजे ती शाळेतल्या गुरुजींनी ठरवलेली. कुटुंब मखमलाबादच्या बाजूचे, झेंडू आणि कोथिंबीर पिकवणारे. मुलगा ज्ञानेश कारखान्यात नोकरीला, सून छाया घर आणि फुलांची तोड सांभाळणारी, पती गोटीराम बांधावरच्या झाडांची निगा राखणारे. पंचवटीतल्या भाजीबाजाराच्या एका टोकाला मालनबाई गोणपाट अंथरून सकाळी साडेसहाला बसतात. कोथिंबीर असतेच, पण लोक त्यांच्याकडे येतात ते पाल्यासाठी. अडुळसा, निर्गुडी, गवती चहा, ओव्याची पाने, कोरफड, श्रावणात आघाडा, आणि पावसाळाभर गुळवेल. बाजारात त्यांना पाल्याची मावशी म्हणतात.

गिऱ्हाइकांची नावे त्यांना ठाऊक नसतात. ठाऊक असते ते दुखणे. गंगेकडच्या, म्हणजे गोदावरीकडच्या, गल्लीतले निवृत्त शिक्षक म्हणजे ‘खोकला’. सायकलवर येणारे एक गृहस्थ म्हणजे ‘साखर’. एक बाई ‘दोन्ही गुडघे’, दुसरी ‘चिकनगुनिया’. ही सगळी माणसे त्यांना चेहऱ्याने आठवतातच असे नाही. आधी दुखणे आठवते, मग त्यामागून माणूस येतो. कुणी नुसतेच येऊन पाला मागितला, तर मालनबाई विचारतात, “कशापायी?” आणि उत्तर मिळाल्यावरच जुडी उचलतात. हे विचारणे औषधाच्या काळजीपोटी आहे, असे त्या सांगतात. शेजारी दुर्वा आणि फुलवाती विकणाऱ्या कलाबाईंचे मत वेगळे आहे.

“तिला गप्पा पाहिजेत,” कलाबाई म्हणाल्या. “दुखणं ऐकल्याबिगर तिला च्या गोड लागत नाय.”

गुळवेलीच्या तोडीची या घराची एक रीत आहे. ती गोटीराम यांच्या वडिलांपासून चालत आलेली. शनिवारी दिवस मावळायच्या सुमारास गोटीराम हळद लावलेल्या अक्षता घेऊन बांधावर जातात, ज्या वेलीची तोड करायची तिच्या बुडाशी त्या ठेवतात आणि म्हणतात, “उद्या न्यायला येतो. माणसाच्या दुखण्यापायी चल.” रविवारी उजाडता उजाडता मालनबाई एकट्या जाऊन ज्या बुडाशी अक्षता दिसतील ती वेल तोडतात. वेल घरच्या उंबऱ्याच्या आत येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलले तर औषध वेलीतून निघून जाते आणि हातात नुसते लाकूड उरते, असा समज. ज्याने आमंत्रण द्यायचे त्याने तोडायचे नाही, आणि जिने तोडायचे तिने विचारायचे नाही. ही विभागणी का, याचे उत्तर दोघांनाही देता आले नाही.

१७ ऑगस्टच्या शनिवारी गोटीराम यांनी अक्षता ठेवल्या. १८ तारखेला मालनबाईंनी विहिरीजवळच्या लिंबावरची, म्हणजे कडुलिंबावरची, वेल तोडली. वितभर लांबीचे तुकडे करून नऊ जुड्या बांधल्या. एक घरात ठेवली, एक कलाबाईंना दिली, सात बाजारात गेल्या. रीतीप्रमाणे त्यांनी सगळ्यात वरच्या जुडीतला एक तुकडा आधी स्वतः चावून पाहिला. कडू होता. गुळवेल कडूच असते.

घरातली जुडी पावसाळ्यात ताकद राहावी म्हणून सगळ्यांसाठी होती. ज्ञानेशने ती कधीच घेतली नाही. गोटीराम यांनी तीन दिवस घेऊन सोडली. मालनबाईंनी अकरा दिवस घेतली. छायाने सासूबाईंचा शब्द मोडायचा नाही म्हणून एक दिवसही चुकवली नाही, आणि २७ तारखेला ताप आला तेव्हा मालनबाईंनीच तिला काढा दुप्पट दिला.

पोळ्याच्या दिवशी छायाच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला. दुसऱ्या दिवशी ज्ञानेश तिला रुग्णालयात घेऊन गेला. मालनबाई सोबत होत्या. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी शांतपणे विचारले.

“आजी, काय काय दिलंत हिला?”

“काय नाय. गुळवेल. घरची.”

“गुळवेलच होती, हे कशावरून?”

“लिंबावरची हाय, मॅडम. लिंबावरची म्हंजी एक नंबर.”

“पण लिंबावर दुसरी वेल चढत नाही असं थोडंच आहे?”

मालनबाई सांगतात की या वाक्याचा अर्थ त्यांना तिथे लागला नाही. डॉक्टरांनी काढा ताबडतोब थांबवायला सांगितला. कावीळ पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूनेही होते, त्याच्याही तपासण्या पाठवतो, वेलीचा उरलेला तुकडा असेल तर आणा, असे त्या म्हणाल्या. आणि मग जाता जाता त्यांनी विचारले, “हे आणखी कुणाला दिलं का तुम्ही?”

“माझा धंदाच तो हाय, मॅडम,” मालनबाई म्हणाल्या.

छायाला दाखल करून घेतले. ज्ञानेशने आईला रिक्षात बसवले आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, जणू तिला तो सांगता आला नसता.

घरी आल्यावर मालनबाईंनी बरणीतले उरलेले तुकडे सुपात ओतले आणि उजेडात अंगणात आणले. गुळवेलीची ओळख त्यांना लहानपणापासून आहे. वरची साल कागदासारखी पातळ सुटते, नखाने खरवडले की खाली हिरवे दिसते, आणि आडवा छेद घेतला तर आत बैलगाडीच्या चाकासारख्या रेषा असतात. तेवीस तुकड्यांपैकी चौदांची साल तशी सुटली. नऊ तुकड्यांची साल सुटली नाही. त्यांच्यावर बारीक गाठी होत्या आणि खरवडल्यावर खाली तपकिरी लागले. हे तुकडे मी नंतर पाहिले आहेत. दोन प्रकार आहेत, एवढे कुणाच्याही बोटाला कळावे.

गोटीराम ओट्यावर बसले होते. पुढचा संवाद दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितला, तपशील जुळतात.

“अक्षता कुठं ठेवल्या व्हत्या तुम्ही?”

“लिंबाच्या बुडाला. दरसाल ठेवतो तिथंच.”

“लिंबाला दोन येली हायेत.”

“असतील.”

“असतील म्हंजी? दिसल्या नाय तुम्हाला?”

गोटीराम हाताने डोळे चोळू लागले.

“लिंब तरी दिसला का?”

“लिंब दिसतो की. येवढं झाड हाय.”

“आन माझ्या हातात काय हाय आत्ता?”

त्या सूप धरून तीन हातांवर उभ्या होत्या. गोटीराम यांनी डोळे बारीक करून पाहिले आणि ते म्हणाले, “कोथमीर निवडतीस व्हय?”

मोतीबिंदू आदल्या दिवाळीपासून वाढत होता. त्यांनी तो कुणाला सांगितला नव्हता. शस्त्रक्रियेची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी की डोळे गेले म्हटल्यावर बांधावरचे काम ज्ञानेश काढून घेईल, आणि मग दिवसभर ओट्यावर बसून राहायचे. लिंब त्यांना सावलीसारखा दिसत होता. बुडाशी वाकून हाताला जी वेल लागली तिच्यापाशी अक्षता ठेवल्या होत्या.

आता खरे तर मालनबाईंनी ओरडायला हवे होते. त्या ओरडल्या नाहीत, कारण त्यांनाही एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती त्यांनी तेव्हा नवऱ्याला सांगितली नाही. मला सांगितली ती तिसऱ्या भेटीत. त्या रविवारी तोड करताना अक्षता दोन्ही बुंध्यांच्या मधोमध पसरलेल्या होत्या. अंधुक उजेडात एका वेलीचे पान त्यांना जाड आणि जरा चकचकीत वाटले. हात थांबला. गोटीराम पन्नास पावलांवर, विहिरीच्या कठड्यापाशी दात घासत होते. हाक मारून विचारता आले असते.

“इचारलं असतं तर औषध गेलं असतं ना,” त्या म्हणाल्या. “म्हनून दोन्हीतलं तोडलं. म्हनलं, त्यांनी अक्षता टाकल्यात म्हंजी बघूनच टाकल्या असतील.”

त्यांनी वेल ओळखली ती झाडावरून, आणि झाड ओळखले ते नवऱ्याच्या अक्षतांवरून. नवऱ्याने अक्षता ठेवल्या त्या हाताच्या चाचपणीवरून. आणि या साखळीत कुठेही कुणी कुणाला विचारायचे नाही, अशी रीत होती.

त्याच संध्याकाळी ज्ञानेश रुग्णालयातून कपडे न्यायला आला. डबा उतरवून ठेवण्याआधी त्याने कोयता घेतला, लिंबावरच्या दोन्ही वेली बुडापासून तोडल्या आणि बांधावर पेटवून दिल्या. ओल्या वेली पेटेनात, तेव्हा त्याने रॉकेलऐवजी मोटरसायकलमधले पेट्रोल काढले. कुठल्या वेलीची कोणती पाने होती हे दाखवू शकेल असे काहीही त्यामुळे उरले नाही. माझ्यासारख्या संशोधकाच्या दृष्टीने हे नुकसान मोठे आहे. ज्ञानेशला मी ते बोलून दाखवल्यावर तो म्हणाला, “माझी बायको पिवळी पडलेली होती. पान जपून ठेवायचं सुचायला मी काय म्युझियममध्ये कामाला आहे का?”

४ सप्टेंबरच्या सकाळी मालनबाई रिकाम्या हाताने बाजारात गेल्या. गणपती तीन दिवसांवर आले होते. दुर्वा, आघाडा, केवडा, पत्री यांची गर्दी होती. त्यांनी गोणपाट अंथरले आणि त्यावर नुसत्याच बसल्या.

कलाबाईंनी विचारले, “काय गं, आज हवा विकायची का?”

“तुला दिली व्हती ती गुळवेल कुठाय?”

“घरात हाय. का?”

“पेलीस?”

“कशाला खोटं बोलू. एक दिवस उकळली. नवरा म्हनला वास येतो, तव्हापासून शेल्फावर पडली.”

“डोळे दाखव.”

“काय?”

“वर बघ जरा. उजेडाकडं.”

कलाबाईंनी वर पाहिले. मालनबाईंनी त्यांच्या पापण्या अंगठ्याने खाली ओढल्या. मग छायाचे काय झाले ते त्यांना सांगितले. कलाबाई म्हणतात की ते ऐकून मी दुर्वांच्या जुड्या चुकीच्या मोजल्या. कलाबाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी मालनबाईंनी सांगितली नव्हती. त्याच महिन्यात दोघींच्या वस्तीत नळाला गढूळ पाणी आले होते आणि आणखी दोघांना कावीळ झाली होती. त्या दोघांनी गुळवेल घेतली नव्हती. याचे कागद माझ्याकडे नाहीत. ते दोघे कुटुंबांसह गावी परत गेले आहेत. कलाबाईंनी हे तेव्हाच मालनबाईंना सांगितले होते.

“आगं, पान्यानं झालं आसंल. उगा जीवाला लावून घेऊ नको.”

“आसंल,” मालनबाई म्हणाल्या. “आन नसंल तर?”

सात जुड्या त्या रविवारी आणि सोमवारी गेल्या होत्या. कुणाला, हे दुखण्यांवरून जुळवायचे होते. खोकला, एक. दोन्ही गुडघे, दोन, कारण त्या बाईंनी बहिणीसाठीही नेली होती. साखर, एक. चिकनगुनिया, एक. पाच झाल्या. दोन कुठे गेल्या ते आठवेना.

खोकलेवाले शिक्षक सकाळी दहाला घरी सापडले. त्यांना खुर्चीतून उठवून दारात उजेडात आणले तेव्हा ते जरा चिडले.

“मालनबाई, मी सोळा दिवस रोज घेतोय. खोकला गेला माझा. आणि तुम्ही म्हणता बंद करा?”

“बंद करा, गुरुजी.”

“कारण सांगा. मी चाळीस वर्षं मुलांना कारण सांगायला लावलंय.”

“सून दवाखान्यात हाय. पिवळी झाली.”

शिक्षकांचा आवाज बदलला. त्यांनी आतून उरलेले तुकडे आणून दिले. मालनबाईंनी दारातच एकेकाची साल काढून पाहिली. सगळ्या तुकड्यांची सुटली, सगळ्यांच्या खाली हिरवे. मालनबाईंनी ते तरीही परत घेतले. शिक्षक म्हणाले, “आता खरी आहे म्हणता, आणि तरी नेता?” त्या म्हणाल्या, “खरी कोणती ते मला आता सांगता येत नाय, गुरुजी.” हे वाक्य शिक्षकांनी मला शब्दशः सांगितले. पस्तीस वर्षे पाला विकलेल्या बाईच्या तोंडून ते ऐकताना आपल्याला अस्वस्थ वाटले, असेही ते म्हणाले.

दोन्ही गुडघे हिरावाडीच्या बाजूला राहतात, एवढेच ठाऊक होते. पुढे दोन दिवस मालनबाई तिथल्या इमारतींच्या खाली उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या चालीकडे पाहत राहिल्या. तिसऱ्या दिवशी, गणपती बसले त्या दिवशी, मूर्ती आणायला निघालेल्या एका कुटुंबात ती चाल दिसली. त्या बाईंनी दोन्ही जुड्या सावलीत वाळवून चूर्ण करायला ठेवल्या होत्या, घेतल्या नव्हत्या. त्यांत चार तुकडे गाठींचे निघाले. मालनबाई तिथेच जिन्यावर बसल्या. त्यांना पाणी दिले गेले. ते त्यांनी प्यायले नाही, कारण त्या इमारतीचे पाणी कुठून येते ते त्यांना माहीत नव्हते. तोपर्यंत त्या पाण्यालाही घाबरू लागल्या होत्या.

चिकनगुनिया बाजारातच परत आली. तिची जुडी पहिल्याच दिवशी रिक्षात राहिली होती. साखरवाले गृहस्थ मात्र सायकलवरून येईनात. दररोज त्यांची वाट पाहणे हे मालनबाईंच्या सांगण्यातले सगळ्यात लांब प्रकरण आहे. त्या काळात त्या घरी आरशासमोर उभ्या राहून स्वतःचे डोळे पाहत असत. त्यांनी अकरा दिवस काढा घेतला होता. रक्त तपासून घे, असे ज्ञानेशने दोनदा सांगितले. त्या गेल्या नाहीत. आकडा वाढलेला निघाला तर वेलीवर शिक्कामोर्तब होईल, आणि नाही निघाला तर काहीच कळणार नाही, असे त्यांचे गणित. त्याचा दुसरा भाग चूक म्हणता येत नाही.

१२ तारखेला साखरवाले आले. काळा चष्मा लावून आले. मालनबाईंनी गोणपाटावरून उठून सायकलचे हँडल धरले.

“चष्मा काढा.”

“काय झालं, मावशी?”

“काढा म्हनते ना.”

त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल होते, पिवळे नव्हते. डोळे आल्यामुळे ते आठवडाभर घरात होते. गुळवेल त्यांनी पंधरा दिवस घेतली होती आणि संपली होती. कोणत्या तुकड्यांची होती हे आता कळण्याचा मार्ग नव्हता. मालनबाईंनी त्यांच्याकडून रक्त तपासून घेण्याचे वचन घेतले. कलाबाईंच्या म्हणण्यानुसार वचन घेताना त्यांनी हँडल सोडले नव्हते, आणि मागे दोन रिक्षा हॉर्न वाजवत थांबल्या होत्या. तपासणी झाली. आकडे नेहमीसारखे आले.

इकडे छाया अकरा दिवसांनी घरी आली. १४ सप्टेंबरच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन ५.९ आहे. ती अंथरुणात पडून असे, आणि सासूबाई दर दोन तासांनी उशाशी येऊन डोळे पाहत. छायाने मला सांगितले, “मला आजारापेक्षा त्यांच्या बघण्याची भीती वाटायची. एकदा मी म्हटलं, आई, तुम्ही मुद्दाम केलं का? मग बसा ना शांत. तर म्हणाल्या, मुद्दाम केलं असतं तर कुणाला काय दिलं ते ध्यानात राहिलं असतं.”

उरलेल्या दोन जुड्या त्यांना एका दुपारी झेंडू तोडताना आठवल्या. सोमवारी, राखीच्या दिवशी, एक बाई घाईत आली होती. तिने दोन जुड्या मागितल्या. मालनबाईंनी विचारले, “कशापायी?” ती म्हणाली, “द्या हो लवकर, माझी कळवणची गाडी जाईल.” सणाची गर्दी होती. मालनबाईंनी उत्तराशिवाय जुड्या दिल्या. इतक्या वर्षांत क्वचितच केलेली गोष्ट. दुखणे सांगितले नव्हते म्हणून चेहरा आठवत नव्हता. आठवत होते ते एवढेच : हातात राखीच्या मिठाईचा खोका, आणि तोच हात पोटावर ठेवलेला. ओझे तोलायला ठेवला होता की दुसऱ्या कशासाठी, हे त्यांना सांगता येत नाही. “पोटुशी आसंल का?” असे त्यांनी मला चार वेळा विचारले.

१६ सप्टेंबरला त्या एकट्याच एसटीने वणीमार्गे कळवणला गेल्या. गोटीराम यांनी सोबत येतो म्हटले. “तुम्ही येऊन काय बघनार?” असे त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य आपण बोलायला नको होते, असे त्यांनी दोनदा सांगितले. स्थानकावर उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा पेरू विकणाऱ्या एका म्हातारीला विचारले. राखीला नाशिकहून आलेली, दोन जुड्या वेल घेऊन आलेली बाई माहीत आहे का?

म्हातारी हसली नाही. तिने नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, “नाव नही, गाव नही, मंग कशी सापडी ती?”

मालनबाई दिवसभर तिथे होत्या. औषधाच्या दोन दुकानांत विचारले. कावीळ म्हटल्यावर एका दुकानदाराने हात हवेत फिरवला; या पावसात घरोघर आहे, म्हणाला. दुसऱ्याच्या दुकानात उभ्या असलेल्या एका माणसाने सांगितले की वरच्या अंगाला एका पाड्यावर मागच्या आठवड्यात एक बाई काविळीने गेली. पाड्याचे नाव त्याला सांगता आले नाही. त्याने ते दुसऱ्याकडून ऐकले होते. बाई किती वर्षांची, कुठली, नाशिकला जाऊन आलेली होती का, काही नाही. शेवटची गाडी लागली तेव्हा मालनबाई त्या माणसाला त्या दिशेची वाट विचारत होत्या. वाहकाने त्यांना हाताला धरून गाडीत बसवले.

त्यानंतर त्या आणखी तीनदा कळवणला गेल्या. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत छायाचा आकडा १.३ वर आला आणि ती पुन्हा फुलांच्या तोडीला जाऊ लागली. गोटीराम यांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. घरातले सगळे म्हणू लागले की आता झाले ते झाले. मालनबाई पुन्हा बाजारात बसतात. अडुळसा आणि गवती चहा ठेवतात. वेल कोणतीच ठेवत नाहीत. तोडीची रीत त्यांनी मोडली आहे. आता त्या भर उन्हात तोड करतात, प्रत्येक पान मोठ्याने नाव घेऊन गोटीरामांना दाखवतात, आणि त्यांनी हो म्हटल्यावर छायालाही दाखवतात. छाया कंटाळून म्हणते, “आई, अडुळसाच आहे. तो काही आता बदलणार नाही.” मग तिच्या हातून एक पान चुरगळून घेऊन मालनबाई त्याचा वास घेतात.

घरच्या जुडीतल्या नऊ गाठाळ तुकड्यांपैकी तीन मी जानेवारी २०२५ मध्ये वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना दाखवले. पान, फूल, फळ नसताना नुसत्या वाळक्या खोडावरून जात निश्चित सांगता येणार नाही, गुळवेलीचीच दुसरी जात असू शकते किंवा वेगळीच वेल असू शकते, असे त्यांनी लेखी कळवले. ती वेल विषारी होती की नाही, हेही त्यामुळे ठरत नाही. विषाणूच्या तपासण्यांपैकी एकीचा निकाल ‘अनिश्चित, पुन्हा तपासावे’ असा आला होता. ती पुन्हा केली गेली नाही, कारण तोपर्यंत छाया बरी होत होती. २७ ऑगस्टचा ताप काविळीची सुरुवात होता की काढ्याचा परिणाम, हे सांगणारा एकही कागद नाही. तोच काढा घेऊन मालनबाईंना काही झाले नाही, यावरूनही निष्कर्ष निघत नाही. त्यांच्या कपात कोणते तुकडे उकळले गेले हे माहीत नाही.

राखीच्या दिवशी दोन जुड्या नेणारी बाई कोण, ती कळवणला उतरली की वाटेत, जुड्या स्वतःसाठी होत्या की कुणासाठी, त्यांत गाठींचे तुकडे होते की नव्हते, आणि त्या उकळल्या गेल्या का, यांतले काहीही माहीत नाही. पाड्यावर मरण पावलेल्या बाईचे नाव मिळालेले नाही. अशी बाई होती, याचाही त्या ऐकीव वाक्यापलीकडे पुरावा नाही.